अनुभव धागा: बेडरूममधलं अडचणीचं कपाट, कमी खर्चात

कपाट लहान, कपडे जास्त, आणि नवं कपाट करायचं बजेट नाही. अशा वेळी काय केल्याने खरोखर जागा झाली आणि कशावर पैसे वाया जातात, ते मापांसकट लिहा. फोटो नसला तरी चालेल, माप हवंच.

*

खरेदी सगळ्यात शेवटी. आधी कपाट पूर्ण रिकामं करा आणि आतली रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा. जे माप सगळ्यात कमी भरेल तेच खरं धरायचं.

खोके आणि बास्केट घेताना फसगत होते ती बिजागरीमुळे. आपण दोन बाजूंमधलं अंतर मोजतो, पण दार काटकोनात उघडलं तरी बिजागरी आणि दाराची जाडी त्यातली जागा खातात. रिकामा खोका तिरका करून आत जातो, भरल्यावर मात्र ओढून बाहेर येत नाही. म्हणून दार उघडं ठेवून मधली मोकळी वाट मोजा आणि त्यातून आणखी १ सेंमी कमी करा.

*

सगळ्यात जास्त जागा वाया जाते ती टांगलेल्या कपड्यांच्या खाली. हँगरवरचा शर्ट साधारण ९५ ते १०० सेंमी जागा घेतो. टांगायचा खण १९० ते २०० सेंमी उंच असेल तर दुसरा दांडा सहज बसतो, तोही भोक न पाडता: वरच्या दांड्याला दोन साखळ्या, त्यांच्या खाली एस आकाराचे हुक, आणि हुकांत २५ मिमी जाडीचा स्टीलचा पाइप. दोन्ही साखळ्यांच्या कड्या मोजून सारख्या ठेवा, नाहीतर सगळे हँगर एका बाजूला घसरतात. साखळ्याही हळूहळू मध्ये सरकतात. त्या जिथे टेकतात तिथे दांड्याला रबरी टेपचे चार-पाच वेढे द्या.

आता वरच्या दांड्यावर दुप्पट वजन येणार हे विसरू नका. दांडा ९० सेंमीपेक्षा लांब असेल तर मधोमध कपाटाच्या वरच्या फळीला आधाराचा ब्रॅकेट लावाच. आधार न देता भरलेला दांडा आधी वाकतो, मग टोक अडकवलेल्या वाटीतून (कपातून) निसटतो आणि सगळं खाली येतं.

*

वरच्या मुद्द्यात भर. स्क्रू पार्टिकल बोर्डात (भुसा दाबून केलेल्या फळीत) मारणार असाल तर थेट पिळू नका, भुसा सुटतो आणि पकड जाते. ३.५ मिमीच्या स्क्रूसाठी आधी २.५ मिमीचं भोक पाडा. बोर्ड १८ मिमीचा असेल तर त्यात शिरणारा भाग १५ मिमीच्या आत ठेवा, नाहीतर टोक पलीकडे येऊन कपडे फाडतं. भोक आधीच सैल झालं असेल तर लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या काड्या त्यात गच्च ठोका, रात्रभर वाळू द्या, वरचा भाग कापा आणि मग स्क्रू बसवा.

*

घड्यांची चवड २५ सेंमीच्या वर गेली की मधला कपडा काढताना ती कोसळतेच. दोन फळ्यांत ४० सेंमी अंतर असेल तर वरची हवा फुकट जाते. त्यासाठी सुटी फळी करा: १२ मिमी प्लायचा तुकडा, दोन्ही टोकांना १८ सेंमी उंचीचे पाय, गोंद आणि वरून स्क्रू. मागच्या बाजूला ५ सेंमी रुंदीची आडवी पट्टी मारायला चुकू नका. तिच्याशिवाय पाय डोलतात आणि सांधे महिन्याभरात सैल होतात. लांबी ६० सेंमीपर्यंत १२ मिमी पुरतं, त्यापुढे १८ मिमीच घ्या. कडा पॉलिश पेपरने घासा, कच्च्या प्लायला कपड्याचे धागे अडकतात.

*

टी-शर्ट, मोजे आणि आतले कपडे यांना फळी नकोच. बुटांचे खोके १२ सेंमी उंचीवर कापा आणि त्यात घड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. एकाच मापाच्या पुठ्ठ्यावर, साधारण २२ सेंमी रुंद, घडी घातली की सगळ्या सारख्या बसतात. खोका गच्च भरू नका, तीन-चार बोटं जागा ठेवा. जीन्स आणि जाड स्वेटर यांना ही पद्धत जमत नाही, ते आडवेच बरे.

स्वेटरसारखे विणलेले कपडे हँगरवर नको, खांद्याला ओढले जाऊन लांबतात.

*

दाराच्या आतल्या बाजूला चिकटणारे हुक: पृष्ठभाग स्पिरिटने पुसायचा, हुक दाबून बसवायचा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत काहीही टांगायचं नाही. खरखरीत लॅमिनेटवर ते टिकत नाहीत. दारावर पट्टे, ओढण्या असं हलकंच ठेवा. जड बॅगांनी बिजागरी ओढली जाऊन दार खाली बसतं.

*

ओलीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट शक्य असेल तर ५ सेंमी पुढे ओढा, मागून हवा खेळली की बुरशी कमी होते. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे वरच्या खणात कधीही ठेवू नका. त्यात पाणी साठतं, डबा कलंडला की कपड्यांवर डाग. कापूर आणि नॅफ्थलीनच्या गोळ्या एकत्र ठेवल्या तर दोन्ही विरघळून चिकट द्रव होतो आणि कापडात मुरतो, त्यामुळे कुठलंतरी एकच. फळीवर वर्तमानपत्रही नको, पांढऱ्या कपड्यांना शाई लागते. साधा तपकिरी कागद घाला.

*

हवा काढायच्या पिशव्यांत फक्त सिंथेटिक भरणाच्या रजया आणि उशा भरा. पिसांचं आणि लोकरीचं फार काळ दाबून ठेवलं की फुगणं कमी होतं. आत किंचितही दमटपणा राहिला तर कुबट वास येतो, म्हणून दिवसभर उन्हात वाळवून, गार झाल्यावरच पिशवी बंद करा. आकार कमी झाला तरी वजन तेवढंच राहतं, त्यामुळे त्या वरच्या फळीवर नाही, तळाशी जातील.