घरामागेच तळं आहे, पण मी बाहेर गेले की सगळे पक्षी उडतात, काय करू?

तळ्याकाठची
नमस्कार मंडळी, आमच्या परसाला लागूनच तळं आहे, काठावर लव्हाळी आणि एक वाळकं झाड पाण्यावर झुकलेलं. खिडकीतून खंड्या, पाणकावळे, पाणकोंबडी सगळे दिसतात पण दार उघडलं की गायब. एक तर ओळखूच येत नाहीये, मातकट, मानेवर रेघा, बगळ्यासारखा मान आखडून उभा आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र, हा एकच पक्षी का दोन? आणि मुख्य म्हणजे घरी चाललंय की साप येतात म्हणून गवत काढू, झाड तोडू, काठाला फरशी लावू. मला नकोय ते, पण नुसतं नको म्हणून कोण ऐकणार, काहीतरी ठोस सांगा ना.

रानवाट
एकच आहे, वंचक! ढोकरी पण म्हणतात. पंख मिटले की पांढरं सगळं आत जातं त्यामुळे दोन हातांवर असला तरी दिसत नाही. विणीच्या दिवसात बघा, पाठ मस्त तांबूस-जांभळट होते.
उडण्याचं म्हणाल तर चालणारा माणूस त्यांना नको असतो, बसलेला चालतो. पहाटेच एका जागी जाऊन बसा, रोज तीच जागा, ऊन पाठीशी, कपडे मळकट रंगाचे. दुर्बीण घेणार असाल तर ८ बाय ४२ (म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या, १० पटीची हातात जास्त हलते.

चतुर_टाचणी
ताई काठ बांधू देऊ नका प्लीज. खंड्या मातीच्या उभ्या कडेत बीळ कोरून अंडी घालतो, फरशी लावली की त्याचं घरच गेलं. टिबुकली (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) लव्हाळ्याला अडकवून तरंगतं घरटं करते आणि उठून जाताना अंडी ओल्या पाणवनस्पतींनी झाकून जाते, गवतच नसेल तर घरटं अडकवणार कशाला? आणि ते वाळकं झाड म्हणजे तर सोनं आहे. पाणकावळ्याची पिसं भिजतात, त्यामुळे त्याला बुडी चांगली मारता येते पण नंतर पंख पसरून वाळवायला उघडी फांदी लागतेच. खंड्यालाही मासा हेरायला तीच. घराकडे झुकलेलं नसेल तर राहू दे.

रानवाट
सापाबद्दल, पाण्यात दिसतो तो बहुतेक दिवड असतो, बिनविषारी, अंगावर काळ्या ठिपक्यांची चौकट, बेडूक-मासे खातो. पण ओळखायला म्हणून जवळ जाऊ नका, गवतात घोणसही असू शकते. घरच्यांना मधला मार्ग सांगा, घराजवळचं गवत आणि जाण्यायेण्याची वाट साफ ठेवायची, काठाचं राहू द्यायचं. रात्री टॉर्च, पायात बूट. आणि उंदीर-घुशी होऊ देऊ नका, साप त्यांच्या मागे घरापर्यंत येतात.

तळ्याकाठची
खूप खूप आभार, वाट साफ ठेवायचं घरी नक्की पटेल. खिडकीजवळ पाव टाकला तर जवळ येतील का?

चतुर_टाचणी
पाव नको हो, त्यात पक्ष्यांसाठी फारसं पोषण नाही आणि उरलेला कुजून पाणी खराब होतं. तसंही खंड्या-वंचक पाव खात नाहीत, त्यांना मासे-बेडूक-किडे हवेत, ते तुमच्या गवतात आहेतच. उलट काचेत तळ्याचं प्रतिबिंब पडत असेल तर पक्षी येऊन आपटतात, काचेवर बाहेरून ठिपके चिकटवा, दोन ठिपक्यांत ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको, एकदोन मोठे स्टिकर लावून उपयोग नाही.