‘उपरा’ म्हणजे नेमका कोण?

आमच्या प्रभागात फलक लागलाय : ‘उपरा नको, भूमिपुत्र हवा’. ज्यांच्यावर रोख आहे ते गृहस्थ दोन किलोमीटरवर राहतात, याच तालुक्यात जन्मलेले. मग ते उपरे कसे? उपरा आणि परका एकच ना?

– एकच नाहीत. परका म्हणजे आपला नसलेला, एवढंच. त्याला आपण पाहुणा म्हणून चहाही पाजतो. उपरा मात्र आपल्यात येऊन बसलेला, उद्या वाटा मागेल असा. जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे शेतकरी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपरी बाहेरून येऊन कसणारा, त्याला तो हक्क नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने केलेल्या अहवालात हे दोघेही भेटतात. प्रश्न अंतराचा नाही, आधी कोण आलं याचा आहे.

पक्षातला ‘निष्ठावंत’ मला तसाच मिरासदार वाटतो. ‘वीस वर्षं सतरंज्या आम्ही उचलल्या, आणि तिकीट काल आलेल्याला?’ हा राग खोटा नसतो, त्याला हसू नये. ‘निष्ठा’त स्था धातू आहे, उभं राहण्याचा. जिथे माणूस इतकी वर्षं उभा राहिला ती जागा त्याला आपलीच वाटते. पक्षाचे विचार बदलले तरी ती सोडवत नाही.

– पण हक्क, वाटा काही नसतानाही हे आपलं-परकं होतंच. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे गट पाडले. क्लेची चित्रं आवडणारे इकडे, कँडिन्स्कीची आवडणारे तिकडे, असं मुलांना सांगितलं. खरं तर वाटणी कशीही केलेली. पैसे वाटायला दिले तर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि दुसऱ्या गटाला मागे ठेवण्यासाठी आपल्या गटाचे चार पैसे कमी झाले तरी चालवून घेतले. १९७० मध्ये हे प्रसिद्ध झालं. ताजफेल पोलंडचे ज्यू, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते, घरची माणसं ज्यूंच्या संहारात गेली. हा प्रश्न त्यांना का छळत होता ते कळतं.

– बायकांचं काय? मुलगी ‘परक्याचं धन’, सून ‘परक्या घरची’. माझी मावशी सरपंचपदाला उभी राहिली तेव्हा चाळीस वर्षं सासरी नांदून ती ‘या गावची नाही’ ठरली. सभेत एक म्हातारी उठली आणि तिने पोरांची नावं घ्यायला सुरुवात केली, मावशीच्या हातांवर जन्मलेल्या. अकरावं नाव ‘या गावची नाही’ म्हणणाऱ्याच्याच मुलाचं होतं.