बागेसाठी मिनी ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

निफाडजवळ ४ एकर द्राक्षबाग आहे, ओळी ९ फुटांच्या. गवत कापायचं, फवारणीचा ब्लोअर ओढायचा, अधूनमधून शेणखताची छोटी ट्रॉली, एवढंच काम. कुबोटा निओस्टार बी२४४१ की महिंद्रा जिवो २४५, ते ठरत नाहीये. की टू व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना) पण चालेल, पैसे वाचतील?

↳ भाऊ, टू व्हीलचा विचार सोडाच. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) पाऊस झाला की डाऊनी रोगाची फवारणी थांबवता येत नाही, वाफसा यायची वाट बघत बसलात तर घड गेले, आणि त्या चिखलात भरलेला ब्लोअर घेऊन वळताना टू व्हीलचं मागचं चाक जागेवरच फिरत राहतं. फोर व्हीलच घ्या.

↳ दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर व्हील. कुबोटा ३ सिलिंडर, जिवो २. मला विचाराल तर जवळ सर्व्हिस कुणाची चांगली ते आधी बघा, सीझनमध्ये ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला की खेळ खल्लास. आणि ब्लोअरवाल्याला पीटीओ एचपी (मागच्या शाफ्टवरून अवजाराला मिळणारी ताकद) किती लागतो ते विचारा, इंजिनच्या एचपीवर जाऊ नका. डेमो स्वतःच्या बागेतच घ्या, शेवटच्या खांबाजवळ तणाव्याच्या तारेत न अडकता वळतो का, मडगार्ड वेलींच्या ओलांड्यांना (आडव्या फांद्यांना) घासतं का, सगळं तिथेच कळतं.

↳ महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज केलाय का? पूर्वसंमती यायच्या आधी बिल करू नका, अनुदान मिळत नाही.

↳ अर्ज केलाय दादा. डेमो दोन्हींचा बोलावतो.