बिशपने शहर बदलू नये: निकेआचा नियम योग्य होता का?

जुनीवही:
इ.स. ३२५ मध्ये निकेआ इथे भरलेल्या ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेचा पंधरावा नियम स्पष्ट आहे. बिशप, धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या दर्जाचा धर्मसेवक) यांनी एका शहराचं चर्च सोडून दुसऱ्या शहरात जाऊ नये. गेल्यास ती नेमणूक रद्द आणि त्याने मूळ चर्चमध्ये परतावं. मला हा नियम अतिशय शहाणपणाचा वाटतो. निकोमेडियाचा बिशप युसेबियस पाहा. आधी बेरूत, मग सम्राटाचा दरबार असलेलं निकोमेडिया, आणि नियम होऊन पंधरा वर्षंही झाली नाहीत तोच कॉन्स्टॅन्टिनोपल! ३४३ च्या सुमारास सर्डिकाच्या परिषदेत कोर्दोबाच्या होसियसने नेमकं बोट ठेवलं: मोठं शहर सोडून लहान शहरात गेलेला बिशप आजवर कुणी पाहिलेला नाही.

निशिगंध:
पण युसेबियसला नियमाने अडवलं का? सम्राट त्याच्या पाठीशी होता. अडला तो नाझियान्झसचा ग्रेगरी. त्याला सासिमा या आडगावाचा बिशप केलं होतं. तिथला कारभार त्याने कधी हाती घेतलाच नाही. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये निकेआ परिषदेने ठरवलेली श्रद्धा मानणारे मूठभर उरले होते, त्यांना त्याने आपल्या प्रवचनांनी उभं केलं. ३८१ च्या परिषदेत इजिप्त आणि मॅसिडोनियाहून उशिरा आलेल्या बिशपांनी त्याच्यापुढे हाच नियम ठेवला, आणि त्याने पद सोडलं. हा न्याय म्हणायचा?

जुनीवही:
ग्रेगरीवर अन्याय झाला, मान्य. पण ज्या लहान गावाचा बिशप निघून जातो तिथल्या लोकांचं काय? त्यांची बाजू घेणारा दुसरा कोणता नियम होता?

सायली_प:
तुम्ही दोघंही निकेआवर थांबलात. प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांतला चौदावा वाचा: दुसरीकडच्या लोकांचं अधिक भलं होणार असेल तर बिशपला जाता येतं, मात्र स्वतःच्या मर्जीने नव्हे, अनेक बिशपांच्या निर्णयाने. ४५१ च्या कॅल्सिडॉन परिषदेनेही, ज्यांना आपला मुलूखच गमवावा लागला अशा धर्मसेवकांना सूट दिली. मला हाच मार्ग पटतो.

निशिगंध:
बिशपांच्या सभेवर एवढा विश्वास? ८९७ मध्ये रोममध्ये सभाच भरली होती. पोप सहाव्या स्टीफनने आधीचा पोप फॉर्मोसस याचं प्रेत थडग्यातून काढून त्याच्यावर खटला चालवला. रोमजवळच्या पोर्तोचं बिशपपद सोडून रोमचं घेतलं, हा त्यातला एक आरोप. फॉर्मोससने दिलेल्या दीक्षा, म्हणजे त्याने केलेल्या धर्मपदांवरच्या नेमणुका, रद्द झाल्या. गंभीर गोष्ट ही की स्टीफनला अनान्यीचा बिशप फॉर्मोससनेच केलं होतं. ती दीक्षाच रद्द ठरली की अनान्यी सोडून रोमला आल्याचा ठपका स्टीफनवर उरत नाही.

जुनीवही:
तो सूड होता, यात वादच नाही. पण पुढच्याच वर्षी पोप नवव्या जॉनच्या सभेने तो निकाल रद्द करताना काय ठरवलं तेही सांगा: फॉर्मोससची बदली गरजेपोटी झाली, तिचा दाखला पुढे कुणी देऊ नये. प्रेताची विटंबना धिक्कारणाऱ्यांनीसुद्धा नियम मात्र सोडला नाही.