टायमिंग 'लावणं' आणि टायमिंग 'बसवणं' एकच का?

गेले तीन आठवडे शनिवार-रविवार नाशिकच्या द्वारकेजवळच्या एका गॅरेजात पडीक आहे. मावसभावाच्या एमजीबीचं इंजिन उघडलंय, ती ब्रिटिश दोन सीटर स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८० निघायची ती. मिस्त्रींचं आयुष्य अँबेसेडर उघडण्यात गेलं, त्यामुळे हे इंजिन बघून ते जराही दचकले नाहीत, कारण अँबेसेडरचं १४८९ सीसीचं आणि हिचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातली. "थोरली बहीण आहे, दागिने जास्त," एवढंच बोलले. दागिने म्हणजे दोन कार्बोरेटर.

तर मुद्दा शब्दाचा. टायमिंग म्हणजे पिस्टन कुठे असताना इंजिनाचे वॉल (आत-बाहेर जायची दारं) उघडायचे-मिटायचे, त्याचा मेळ. मिस्त्री कधी म्हणतात "टायमिंग बसवलं", कधी "टायमिंग लावायचं बाकी आहे", आणि मी आपला दोन्हीचा अर्थ एकच धरून चाललो होतो. गेल्या रविवारी चेन चढवली, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) चाकावरचा टिंब आणि कॅमच्या (वॉल उघडणाऱ्या दांड्याच्या) चाकावरचा टिंब समोरासमोर आणले, चेन ताणली, म्हणाले बसलं टायमिंग. मी म्हटलं चला, कव्हर लावू. तर खेकसले, "अरे बसवलंय फक्त, लावलंय कुठे अजून!"

मग डिग्रीची चकती काढली, क्रँकच्या तोंडाला बांधली, जाड तार वाकवून काटा केला. आधी एक नंबरच्या पिस्टनचा टॉप, म्हणजे त्याची सगळ्यात वरची जागा, शोधला, तोही डोळ्यांनी नाही. पिस्टन वर येऊन घुटमळतो, दोन-चार डिग्री क्रँक फिरते तरी तो हलल्यासारखा वाटतच नाही, म्हणून ब्लॉकवर आडवी पट्टी मारली, पिस्टन एका बाजूने येऊन टेकला तिथला आकडा घेतला, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकला तिथला घेतला, दोन्हीच्या बरोब्बर मधे टॉप. हे सगळं 'लावण्यात' येतं म्हणे.

मला वाटतं फरक खरा आहे. गणपती बसवतात, दात बसवतात, म्हणजे वस्तू तिच्या जागी जाऊन पक्की होते. आणि घड्याळ लावतात, तबला लावतात, म्हणजे बाहेरचं एक माप धरून त्याच्याशी मिळवत आणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?

—

'बसवणं' हे हिंदी 'बिठाना'वरून आलेलं दिसतंय दादा. गॅरेजची भाषा निम्मी हिंदीच असते, त्यावर मराठीचा एवढा डोलारा कशाला. आणि 'टायमिंग' तरी कशाला हवंय? 'कालजुळणी' म्हणा.

—

'बिठाना'चा संबंध असेलही पण मराठीत नाटक बसवतात, चाल बसवतात, विस्कटलेली घडी बसवतात, तिथे कोणाकडून उसनं आणायची गरज नाही. 'कालजुळणी' मिस्त्रींना ऐकवला. त्यांनी विचारलं, "पत्रिका कोणाची?"

—

सातपूरला टूलरूममध्ये नोकरी झाली माझी, आता रिटायर. तुम्ही म्हणता तो फरक आमच्याकडे अगदी पक्का होता. बेअरिंग बसवायचं, प्रेसवर घालून. लेथवर जॉब (कातायचा तुकडा) लावायचा, म्हणजे डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) टेकवून चक फिरवायचा, काटा हलायचा थांबेपर्यंत ठोकत राहायचं. 'बेअरिंग लावलं' असं कोणी म्हणालं की पोरगा नवीन आहे हे कळायचं. बाकी बाहेरचा शब्द चिकटला की चिकटला, मायको कंपनीचं बॉश होऊन किती वर्षं झाली तरी रिक्षावाला मायको सर्कलच म्हणतो.

एक शंका, टिंबाला टिंब आला की झालं ना? एवढी चकती वगैरे कशासाठी?

—

काका, मीही हेच विचारलं होतं. टिंब सांगतो तेवढाच की दात चुकला नाही. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, त्यामुळे कॅमच्या चाकाला दात दुप्पट, समजा ४० असले तर एक दात चुकला की कॅम ९ डिग्री सरकला आणि क्रँकच्या मापात ते १८ झाले. एवढी मोठी चूक टिंब पकडतो. पण चावीच्या (चाक दांड्यावर पक्कं धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) गाळ्यात थोडा फरक, चेन थोडी ढिली, कॅम पुन्हा ग्राइंड केलेला, असं करत करत तीन-चार डिग्री कुठे जातात ते टिंबाला कळत नाही.

आमचंच सांगतो. मॅन्युअलमध्ये इनटेक वॉल (आत घेणारा) टॉपच्या १६ डिग्री आधी उघडतो आणि खालच्या टोकानंतर ५६ ला बंद होतो (मिस्त्री 'वॉल'च म्हणतात, 'झडप' म्हटलं की हत्यारांच्या पेटीच्या झाकणाकडे बघतात). म्हणजे एकूण २५२ डिग्री, त्याच्या निम्मे १२६, त्यातून १६ गेले, म्हणजे टॉपनंतर ११० ला कॅमचं नाक (वॉल उचलणाऱ्या फुगवट्याचं टोक) पूर्ण वर पाहिजे. आता नाकही पिस्टनसारखंच घुटमळतं, म्हणून डायलवर पूर्ण उचलाच्या पन्नास थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अलीकडे थांबायचं, आकडा घ्यायचा, नाक ओलांडून पुन्हा पन्नास थाऊ खाली आलं की दुसरा घ्यायचा. आमचे आले ८० आणि १४८. मधला ११४. टिंबाला टिंब लागलेला असून कॅम चार डिग्री मागे!

मागे असला की वरच्या आरपीएमला गाडी पळेल पण खालून ओढणार नाही. मिस्त्रींच्या भाषेत "कसाऱ्याला रडेल".

—

म्हणजे 'टायमिंग मागे' हे मी करंटसाठी ऐकलंय तेच का? डिस्ट्रिब्यूटर फिरवतात ते?

—

नाही ताई, तिथेच लोकांची गल्लत होते. डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी पुढे-मागे होते, कॅम जागचा हलत नाही. आमच्या गॅरेजात त्याला 'करंट पुढे घे' म्हणतात, 'टायमिंग' शब्द ते कॅमसाठी राखून ठेवतात. सगळीकडे असं नसेल, टू-व्हीलरवाले सर्रास दोन्हीला टायमिंगच म्हणतात.

—

एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनटेक उघडत असतो त्या ओव्हरलॅपला 'संधिकाल' कसा वाटतो?

—

सुंदर आहे, खरंच. पण मिस्त्रींकडे त्याहून भारी आहे. ते म्हणतात वॉल 'डुलतात'. एक जातोय खाली एक येतोय वर, रॉकर बघितले तर खरंच डुलतात. "चार नंबरचे डुलायला लागले की एक नंबर फायरिंगच्या टॉपला." आणि पिस्टन दर फेऱ्याला टॉपला येतो पण ठिणगी एक सोडून एका टॉपलाच कामाची, तर त्या दुसऱ्या टॉपला त्यांचं नाव आहे 'फुकटचा टॉप'. हे दोन्ही कोशात घालायला पाहिजेत.

—

मग लागलं का टायमिंग शेवटी?

—

काल लागलं. कॅमच्या चाकात साध्या चावीऐवजी चार डिग्रीची ऑफसेट (किंचित सरकवलेली) चावी घातली, ती पहिल्यांदा उलटी बसली आणि आकडा ११८ आला, मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच घातली होती (मीच घातली होती). पलटली, पुन्हा सगळं मोजलं, ७६ आणि १४४. काटा ११० वर आला तसे मिस्त्री नुसतं "लागला" म्हणाले, 'लागलं' नाही, 'लागला'. टायमिंग नपुंसकलिंगी ना? मग विचारलं तर म्हणे कॅम लागला. का सूर लागतो तसं काही, विचारलं नाही.

कच्च्या बिलावर मात्र लिहिलंय, 'टायमिंग केले'.