पिल्लू काठी दिसली की पलंगाखाली शिरतं

मृण्मयी, वाई:
पंधरा दिवसांपूर्वी गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू घरी आणलं. गुंडी, आता नऊ आठवड्यांची आहे. माझ्याशी, मुलाशी मस्त खेळते. पण सासूबाई काठी टेकत आल्या की पलंगाखाली शिरते, ओढून काढलं तर जागच्या जागी शू करते. सासूबाईंना फार लागतं ते. पहिलं इंजेक्शन होऊन दहा दिवस झाले. गल्लीत पार्वो (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले बाहेर सोडू नका. सगळी इंजेक्शनं होईपर्यंत थांबू का? घरात आठ वर्षांचा बोकाही आहे.

कमल, फलटण:
ताई, थांबू नका. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आपलं वाटतं. पुढे नव्याची भीतीच आधी येते. आमच्या मोतीला मी चार महिने घरात कोंडून ठेवलं. आज सहा वर्षांचा आहे, तरी हेल्मेटवाला माणूस दिसला की थरथरतो आणि अंगावर जातो. सिलिंडरवाले दादा फाटकाबाहेरूनच हाक मारतात. त्याच्याकडे बघून अजून जीव तुटतो माझा.

म्हणून नंतरच्या पिल्लाला, ठकीला, भाजीच्या पिशवीत जुना टॉवेल घालून रोज दहा मिनिटं एसटी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर न्यायचे. माणसं, छत्र्या, रिक्षा, सगळं मांडीवरून बघायची. खाली मात्र ठेवायचं नाही, पार्वो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. ओळखीच्यांचा लस घेतलेला शांत कुत्रा असेल तर त्यांच्या घरी न्या.

काठीचं म्हणाल तर गुंडीला पलंगाखालून ओढू नका. काठी जमिनीवर आडवी ठेवा, भोवती उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे. सासूबाईंना खुर्चीत बसू दे, तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. तिनं खाणं सोडलं, ओठ चाटले, कान मागे टाकले, तर काठी दोन हात लांब. जमलं की मग बसल्या बसल्या काठी हलकेच टेकवायची आणि लगेच तुकडा. गुरगुरली तर रागावू नका, ती भीती सांगतेय.

दत्ता, कऱ्हाड:
बोक्याला चढायला कपाटाचा माथा मोकळा ठेवा आणि गुंडीला दोरी बांधूनच त्याच्या खोलीत आणा. उचलून त्याच्या तोंडासमोर धरू नका. आमच्या पिल्लाच्या बुबुळाला नख लागलं होतं, महिनाभर थेंब घालत होतो.

मृण्मयी, वाई:
आज चौथा दिवस. गुंडीनं काठीच्या रबरी बुडाचा वास घेतला, मग चाटलंसुद्धा! सासूबाई श्वास रोखून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी. उद्या पिशवीतून गणपती घाटावर नेऊ का?

कमल, फलटण:
किती बरं वाटलं वाचून! घाट नको ताई, तिथे मोकळी कुत्री असतात. दुकानाच्या ओट्यावर बसा, आणि सासूबाई येत असतील तर त्यांनाही न्या, काठीसकट.