मदत हवी आहे: आजोबांच्या जुन्या पत्रांची साल कशी ठरवायची?

आजी-आजोबांचं लग्न झाल्यावर आजोबा मुंबईला नोकरीत आणि आजी रत्नागिरीजवळ सासरी, त्या काळातली पत्रं मिळालीत. कार्डं घरच्यांच्या नावावर, सगळ्यांनी वाचायची, पण पाकिटातली पत्रं फक्त आजीला. एकात समासात आडवं लिहिलंय, "उत्तर बाबांच्या कार्डात नको, वेगळं टाक." फार जीव लावणारी आहेत हो, म्हणून नीट क्रमाने लावून टाईप करायचीत, आजीची भावंडं अजून आहेत तोवर.

अडचण अशी की वर फक्त तिथी-वार आहे, "कार्तिक वद्य ४, गुरुवार" असं, साल नाही. पोस्टाचे शिक्के पुसट, भिंग लावून आणि मोबाईलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवूनही वाचता येत नाहीत. एकावर अधिक श्रावण आहे, तो १९४७ चा धरलाय, कारण पुढचा १९५८ ला येतो आणि तोवर आजी मुंबईला आली होती. बाकीची १९४५ ते १९५२ मधली असावीत. ऑनलाईन कॅलेंडर बघितली पण काही उत्तरेकडची पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपणारी) निघाली, त्यात वद्य पक्षाचा महिना एकाने पुढे जातो.

पत्रं कुणाकडे पाठवू शकत नाही, कागद घडीवर फाटतोय, स्कॅन देईन.

तर, तिथी आणि वार टाकून अमान्त पद्धतीने (आपल्याकडची, महिना अमावस्येला संपणारी) साल शोधता येईल असं काही आहे का, किंवा त्या वर्षांची जुनी पंचांगं कुठे बघायला मिळतील? आणि रत्नागिरीकडे बरेच जण टिळक पंचांग (नेहमीच्यापेक्षा वेगळ्या गणिताचं) पाळतात, त्यात अधिक महिना कधीकधी वेगळा येतो, तर माझा १९४७ चा अंदाज त्यामुळे चुकू शकतो का?